जमिनीवरून उठायची रीत

मन खंबीर असलं की शरीर मुकाट्यानं त्याच्या मागोमाग येतं. हे सत्य मी आयुष्यभर जतन केलं आहे. मी शिरड शहापूरला वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि हे सत्य सांगणारी निदान दोन कपाटं पुस्तकं माझ्या ताब्यात आहेत. त्यांना कसर लागू नये म्हणून दरवर्षी मीच डांबरगोळ्या ठेवतो. पोळ्यानंतरच्या ज्या सकाळी मला संडासातून उठता येईना, त्या सकाळी माझं मन चांगलं खंबीर होतं. शरीर मात्र तिथंच बसून राहिलं.

हे लिहितोय ते असा आजार झालेल्यांसाठी आणि त्यांना उचलणाऱ्यांसाठी. विशेषतः उचलणाऱ्यांसाठी. धीर देण्याचं काम माझ्याकडून होणार नाही, त्यासाठी वर सांगितलेली कपाटं आहेत.

एक चप्पल

आदल्या संध्याकाळी वाचनालय बंद करून घरी आलो तर बायकोनं, सुनीतानं, दारातच विचारलं, "एक चप्पल कुठं टाकून आले?"

मी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता आणि धुळीनं काळा झाला होता. बसस्टँडपासून मी तसाच चालत आलो होतो आणि पायाला त्याची खबर नव्हती. आम्ही दोघं हसलो. वाचणारा माणूस विसरभोळा असतो असा घरात समज आहे, तो आणखी पक्का झाला.

सकाळी संडासातून सुनीतानं बगलेत हात घालून मला ओढून काढलं. औंढ्याच्या डॉक्टरांनी "कमजोरी हाय" म्हणून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी शर्टाची गुंडी लागेना. तिसऱ्या दिवशी नांदेड.

नांदेडच्या डॉक्टरांनी रबरी हातोडीनं दोन्ही गुडघ्यांवर ठोकलं. गुडघे गप्प. त्यांनी पुन्हा ठोकलं, आणि मी माझ्या पायांकडे असा बघत बसलो जसा वर्गात फळ्यापुढं उभ्या केलेल्या आपल्या पोराकडे बाप बघतो. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. परदेशी नाव, दोन माणसांचं, जोडीनं. आपल्याच शरीराची फौज आपल्याच नसांवर चालून जाते, असं त्यांनी समजावलं.

"हा आजार जसा येतो तसा बहुतेकांचा उतरतो," ते म्हणाले. "पण आधी चढेल."

"कुठपर्यंत?"

"ते बघायचं," असं म्हणून ते दुसऱ्या खाटेकडे वळले.

एका श्वासात

दवाखान्यात एक महिना होतो. इलाज काय झाला ते डॉक्टरांना विचारा. मला आठवतात ते आकडे. दिवसातून चार वेळा नर्स यायची आणि म्हणायची, "काका, एका श्वासात मोजा." मी मोजायचो. पहिल्या दिवशी एकतीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी चोवीस. मग सतरा. आजार छातीपर्यंत पोचला की आकडा पडतो, आणि फार पडला की घशात नळी घालून माणसाला यंत्रावर टाकतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण पलंगापलीकडे ते यंत्र आणून ठेवलं होतं आणि त्याच्यावर पांढरी चादर होती. लग्नघरात आहेर झाकून ठेवतात तसं.

तेरावर आकडा थांबला. दोन दिवस तेराच राहिला. त्या दोन दिवसांत मी कुठलाही थोर विचार केला नाही. तेराच्या पुढं चौदा म्हणता येईल का, एवढंच डोक्यात होतं.

हात हलत नसले की माणसाला मरणाची भीती वाटत असेल असं लोकांना वाटतं. वाटते. पण त्याहून जास्त वेळ नाकाला खाज सुटण्याची भीती वाटते. वॉर्डात झाडू मारणाऱ्या एक मावशी होत्या. त्या जाता-येता न विचारता माझं नाक खाजवायच्या आणि पुढं झाडायला लागायच्या. त्या महिन्यात मला मिळालेली दया म्हणजे ती. तिच्यावर कुणी पुस्तक लिहिलेलं नाही.

भेटायला माणसं यायची. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर ते मेलेल्याच्या मातीला न गेल्यासारखं मोजतात. एक पाहुणे शहाळं घेऊन आले, पायथ्याशी बसले आणि म्हणाले, "आमच्या साडूच्या भावाला हेच झालं व्हतं, बराबर हेच."

सुनीतानं आशेनं विचारलं, "मग आता कसे हायत?"

पाहुण्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "लई चांगला मानूस व्हता," ते म्हणाले.

पाच गोधड्या

आजार उतरायला लागला. आधी मान आली, मग कोपर, मग बोटं. कमरेखाली मात्र तो घरजावयासारखा राहिला. दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी त्यांना विचारलं, गावाकडे जिम नाही, तिथं कसं व्हायचं?

"काका, जिम कशाला? तुमचं स्वतःचं वजन आहे ना. तेवढंच उचलायचं."

माझं वजन तेव्हा सेहेचाळीस किलो भरलं. तेही उचलत नव्हतं.

त्यांनी कागदावर चार व्यायाम लिहून दिले. खुर्चीवरून उठणं-बसणं. भिंतीला तळवे टेकून जोर मारणं. खाटेवर पाठ टेकून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. ओट्याला धरून टाचा वर करणं. सामान म्हणजे भिंतीला टेकवलेली एक खुर्ची, घरातली भिंत, खाट आणि ओटा. खुर्ची भिंतीलाच टेकवायची, नाहीतर ती मागं सरकते आणि तुम्ही तिच्या मागं जाता. पाय जमिनीवर रुतवायचे, सपाता घालायच्या नाहीत. आणि कागदाच्या तळाशी दोन रेघा मारून त्यांनी लिहिलं होतं: थकायच्या आधी थांबायचं.

घरी खुर्चीवर सुनीतानं पाच गोधड्या घडी करून रचल्या, म्हणजे बैठक उंच झाली. तेवढ्या उंचीवरून मला हात न लावता उठता यायचं, दिवसातून तीन वेळा पाच-पाचदा. आठवड्याला एक गोधडी काढायची असं ठरलं. भिंतीवरचे जोर मारताना नाक कॅलेंडरला टेकायचं. तिथं मी महिनाभर तोच चतुर्थीचा चौकोन वाचला.

चार गोधड्या. तीन. हे वाचताना तुम्हाला बरं वाटत असेल तर इथंच थांबा.

एका दुपारी सुनीता दळण आणायला गेली होती. मला वाटलं, आज अंगात जोर आहे. पाचच्या जागी दहा केले. मग वीस. लहानपणी मारुतीच्या पारावर पैलवान बैठका मारायचे आणि सगळं गाव मोजायचं. आमच्याकडे व्यायाम म्हणजे घाम निघून माणूस आडवा पडेपर्यंत केलेली गोष्ट. त्याआधी थांबणं म्हणजे लाज. मी चाळीस केले.

दुसऱ्या दिवशी पाय गेले. म्हणजे होते, पण दवाखान्यातून आणले होते तसे. मॅडमना फोन लावला.

"काका, मी दोन रेघा कशासाठी मारल्या होत्या?"

तीन गोधड्या होत्या त्या पुन्हा पाच झाल्या. नंतर अकरा दिवस मी काहीच केलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. सकाळी जाग आली की वाईट वाटायचं, जाग आली म्हणून. एवढंच सांगतो. जास्त सांगितलं की त्याला उगाच उंची येते, आणि ते काही उंच नव्हतं. ओल्या पोत्यासारखं होतं.

संक्रांतीनंतर हजर

सुनीता अंगणवाडी सेविका आहे. एकोणीस वर्षं. माझ्यासाठी ती बिनपगारी रजेवर होती आणि मुली सासरी, म्हणजे घरात आम्ही दोघंच. दिवसातून पंधरा-वीस वेळा ती मला बगलेत धरून उचलायची. खाटेवरून, खुर्चीवरून, संडासात ठेवलेल्या भोकाच्या खुर्चीवरून. तिची कंबर गेली होती. ती पट्टा बांधायची आणि मला दिसू नये म्हणून वर पदर घ्यायची.

मग पर्यवेक्षिका घरी आल्या. माझी विचारपूस केली, चहा घेतला, आणि जाताना सुनीताला म्हणाल्या, "ताई, मी लई थांबवलं. आता काही असो, संक्रांतीनंतर हजर व्हा. न्हाईतर जागा जाईल."

त्यांच्या मागं दार लावून सुनीता तिथंच उभी राहिली.

"जा तू," मी म्हणालो. "मी राहीन एकटा."

"राहाल?" ती वळली. "पडले तर? साडेनऊ ते दोन मी तिकडं. कोन उचलंल?"

"नाही पडणार."

"काल दोनदा पडले! तिथली लेकरं वर्षात चालाय लागतात, पडले तर आपल्या आपण उठतात. अन् तुमी? अकरा दिस झाले भिताडाकडं बघून राहिले. मला कटाळा येत न्हाई का? मी बी मानूसच हाय ना?"

तिनं हे एका दमात म्हटलं आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशीच्या भाकरी जाड झाल्या होत्या. मी दोन खाल्ल्या.

मॅडमना फोनवर विचारलं, एकटं राहिलो तर चालेल का? त्यांनी अट घातली. खुर्चीवरून उठता येणं पुरेसं नाही. जमिनीवरून, कुणाला न धरता उठता आलं तरच एकटं राहायचं. "पडणार नाही असं धरून चालू नका, काका. पडणारच असं धरा."

म्हणून आम्ही जमिनीवर आलो. सुनीता मला सतरंजीवर बसवायची आणि मी उठायचा प्रयत्न करायचो. एक गुडघा टेकवायचा, दुसरा पाय पुढं रोवायचा, अंग वर ताणायचं. डोकं वर जायचं, छाती वर जायची, आणि मांड्यांपाशी सगळं संपायचं. मी बाजूला कलंडायचो. सुनीता झटकन बगलेत हात घालायची. दोन आठवडे रोज हेच. संक्रांत एक महिन्यावर आली.

दादा

माझा थोरला भाऊ सखाराम मेंढ्या राखतो. आमचं घराणंच मेंढरांचं. मी पुस्तकं घेऊन त्यातून पळालो, तो राहिला. तूर, कापूस निघाला की तो सिद्धेश्वर धरणाच्या काठानं मेंढरांचा वाडा घेऊन उतरतो. त्या दिवशी तो खांद्यावर घोंगडी टाकून आला आणि उंबऱ्यात बसून तंबाखू मळत माझा खेळ बघत राहिला. मी तिसऱ्यांदा कलंडलो तेव्हा बोलला.

"काहून रे नाम्या, हे काय करून राहिला?"

"उठून राहिलो."

"मानूस उठतो तसं?"

"मी माणूसच आहे, दादा."

"व्हय, पर तेवढी ताकत हाय का अंगात? ताकत नसंल त जनावरासारखं उठावं. मेंढी कशी उठती? मागचं आधी. तू डोस्कं आधी वर घालून राहिला. डोस्कं लई जड असतंय. तुजं तर पुस्तकानं अजून."

मग तो सुनीताकडे वळला. "अन् तू गं, ह्याला बगलेत धरत नको जाऊ."

"मग पडू देऊ व्हय, दादा?"

"बसकी मेंढी पोटाखाली हात घालून उचलली की ती पाय सोडती. तिला वाटतं, हाय कोनीतरी. मंग ती मरस्तोर उठत न्हाई. तिला उचलायचं नसतंय. नुसता हात टेकवून मागं उभं राहाचं."

चार महिने सुनीता मला उचलत होती, आणि चार महिने मी पाय सोडत होतो. दोघांनाही ते प्रेम वाटत होतं.

दादानं मला सतरंजीवर चारी टेकवलं. तळवे आणि गुडघे. "बोटं दुमड. पायाची. आता बूड वर." मी बूड वर केलं. गुडघे सुटले, डोकं खाली लोंबलं, आणि मी हात-पायांवर कमान होऊन उभा राहिलो. "आता हात मागं मागं आन. पायाकडं." एक एक वीत हात मागं आणले. "आता नडगी धर. गुडघा धर. मांडी धर. चढ."

कुणावर? स्वतःवरच. आपल्याच पायांवर हातानं चढत जायचं, खांबावर चढतात तसं. त्या दिवशी मी मांडीपर्यंत पोचलो आणि कोसळलो. दादानं उचललं नाही. तंबाखू थुंकायला बाहेर गेला.

हे शिकायला बावीस दिवस लागले. दोनदाच करायचं आणि थांबायचं, कारण दोन रेघा आता लक्षात होत्या. तळव्यांना जोर यावा म्हणून भिंतीवरचे जोर वाढवले, कंबर वर यावी म्हणून खाटेवरची कमान वाढवली. सुनीता मागं उभी राहायची, हात पाठीवर नुसता टेकवून. न उचलणं तिला उचलण्यापेक्षा जड गेलं. तिचे दात आवळलेले मला खालून, माझ्याच पायांमधून, उलटे दिसायचे.

पहिल्यांदा पूर्ण उभा राहिलो तेव्हा ती म्हणाली, "दिसायला लई वंगाळ दिसतंय." आणि हसली. पोळ्यानंतर पहिल्यांदा.

मॅडमना व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं. त्यांनी सांगितलं की हे त्यांच्या पुस्तकात आहे, एका डॉक्टरच्या नावानं. पण तिथं ते आजाराचं लक्षण म्हणून दिलंय, व्यायाम म्हणून नाही. मांड्यांत जीव नसलेला माणूस असा उठतो, त्यावरून आजार ओळखायचा.

"म्हणजे चुकतंय का?" मी विचारलं.

"चालेल," म्हणाल्या.

आता

या सगळ्याला दीड वर्ष होत आलं. खुर्चीवर आता एकही गोधडी नाही. डावा पाय अजून घासतो, जिना चढताना कठडा लागतो आणि वाचनालयातल्या वरच्या फळीवरची पुस्तकं मी वाचकांनाच काढायला सांगतो. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, जे एवढ्यात आलं नाही ते बहुधा येणार नाही. मी रोज चारही व्यायाम करतो, ते सुधारण्यासाठी नाही. जे आहे ते जाऊ नये म्हणून. याला जिद्द म्हणू नका. दात घासायला कुणी जिद्द म्हणत नाही.

गावात एका कार्यक्रमात "आजारावर मात केल्याबद्दल" माझा सत्कार करायचं ठरलं होतं. बैठक गादीवर होती. शाल घेऊन मी खाली बसेन, आणि मग चार-पाचशे माणसांपुढं कसा उठेन, ते आयोजकांना करून दाखवलं. त्यांनी नारळ घरपोच पाठवला.

पहिला दिवस

त्या संक्रांतीनंतरच्या सोमवारी सुनीता कामावर गेली. पाणी, फोन, काठी, सगळं हाताशी ठेवून गेली. दारात दोनदा मागं वळली. मी तिला जा म्हणून हात केला, तो आता हलत होता.

दहाच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय अडकला आणि मी पडलो. फोन खाटेवर राहिला. काठी घरंगळत ओट्याखाली गेली. गाल थंड शहाबादी फरशीवर होता. हाक मारता आली असती, समोरच्या काशीबाईंचं दार उघडंच असतं. पण हाक मारली असती तर सुनीताची नोकरी त्याच दिवशी संपली असती. तिनं पुन्हा रजा टाकली असती आणि मला बगलेत धरलं असतं, आणि मी पुन्हा पाय सोडले असते.

चारी टेकायला पहिल्यांदा जमलं नाही, तळवा घसरला. दुसऱ्यांदा बूड वर गेलं आणि खाली आलं. तिसऱ्यांदाही. मध्ये मी बराच वेळ नुसता पडून राहिलो आणि मला अगदी शांतपणे वाटलं, राहू दे. मग स्वयंपाकघरात करपत चाललेल्या दुधाचा वास आला, सुनीतानं बारीक गॅसवर ठेवून जाताना बंद करायला बजावलं होतं ते. पुन्हा चारी टेकलो. बोटं दुमडली. मागचं आधी. हात मागं, नडगी, गुडघा, मांडी. उभा राहिलो तेव्हा घड्याळात अकराला दहा कमी होत्या. ओट्याला धरून मी गॅस बंद केला आणि थरथरत तसाच उभा राहिलो. माणूस आयुष्यात एकदाच खऱ्या अर्थानं आपल्या पायावर उभा राहतो, असं काहीतरी मला त्या वेळी वाटलं. मोठं वाक्य होतं. मला आवडलं.

दोन वाजता सुनीता आली. तिच्या मागोमाग काशीबाई उंबऱ्यात.

"बाई, तुजा नवरा लई मेहनती," त्या म्हणाल्या. "सकाळी पाऊन घंटा जमिनीवर वाकून-वाकून यायाम करून राहिला व्हता. म्या दारातून समदं बघितलं. म्हनलं, कशाला मधात बोलावं."

सुनीतानं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. "किती केले?"

"एक," मी म्हणालो.